पाण्यातून काढलेलं कापड

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि जन्मभर एकच हट्ट धरला. कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. आटायचं ते आधीच आटू दे, मग माप चुकत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईवर आलं तरी ते ऐकायचे नाहीत. "मला एक वेळ उपाशी ठेवतील, पण कोरडं कापड कापणार नाहीत," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ती गेल्यावर घरातलं सगळं धुतलं गेलं, फक्त तिच्या उशीचा अभ्रा राहिला. तो मास्तरांनी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. त्याला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. सकाळी उठल्यावर पिशवी सोडायची, एकदा नाक घालायचं, लगेच बांधायची. वास उडून जाईल म्हणून दुःखातसुद्धा चिक्कूपणा!

लेकीने हे पाहिलं आणि एका रविवारी ती आपल्या घरचा प्रिंटर काखोटीला मारून आली.

"बाबा, त्याच अभ्र्यावर आईचा फोटो छापू. वासही राहील, चेहराही राहील. कागदाऐवजी कापड घालायचं, एवढंच."

"प्रिंटरमध्ये कापड?" मास्तर कितीतरी दिवसांनी हसले.

"कापड तुम्ही तयार करा. तुमच्याइतकं सरळ कोण कापणार?"

ती फोटो निवडत बसली. मास्तर उत्साहाने उठले. अभ्रा उसवला, उजेडात धरला. मधोमध तेलाचा पिवळट डाग होता. तेलकट कापडावर रंग धरत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हात आपोआप चालू लागले. बायकोचा चेहरा कसा स्वच्छ उमटला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. कापड उन्हात वाळलं, त्यावर इस्त्री फिरली, मग कात्री चालली.

कापड कागदासारखं ताठ राहावं म्हणून लेकीने मागून मेणाचा कागद इस्त्रीने चिकटवला. प्रिंटरमध्ये अडकू नयेत म्हणून मास्तरांनी कडेचे दोरे वेचून काढले. प्रिंटरने कुरकुर करत कापड आत ओढलं. आधी कपाळ आलं, मग हसताना बारीक झालेले डोळे, मग ते थोडं वाकडं हसू. हुबेहूब ती.

मास्तरांनी कापड दोन्ही हातांत घेतलं आणि सवयीने नाकाशी नेलं.

शाईचा वास आला. साबणाचा आला. त्यांनी पुन्हा हुंगलं, उलटून हुंगलं.

"बाबा," लेकीचा आवाज चिरकला, "तुम्ही धुतलात?"

"पाण्यातून काढला," मास्तर म्हणाले. "डाग होता गं."

मग त्यांना काय धुतलं ते कळलं. म्हातारा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. लेकही रडली. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, डोळे पुसले आणि उगाच आवरायला म्हणून न्हाणीकडे गेली. तिथे गढूळ पाण्याची बादली तशीच होती. तिने ती उचलली तशी कडी वाजली.

"थांब," मास्तर आतून ओरडले. "ओतू नकोस."