वेन्नेरा मावशीने ओतलेलं पाणी

१९२६ सालचा मार्च. शिकागोच्या टेलर स्ट्रीटवर, इटालियन वस्तीत, तेव्हा दारूबंदीमुळे घरोघरी चोरटी दारू गाळली जाई आणि डॉन गास्पारेच्या ट्रकांतून बाहेर पडे. लोक त्याला पाहून टोपी काढत आणि तो पुढे गेला की हळूच छातीवर क्रूस काढत. त्याने पाववाल्या कालोजेरोला सांगून ठेवलं होतं, "मुलगा झाला तर धर्मपिता मी."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला पदरात घेणारा धर्मपिता म्हणजे रक्ताहून जवळचा. डॉनचा आधीचा धर्मपुत्र मिसरूड फुटताच त्याचा ट्रक हाकू लागला आणि गोळी लागून गेला.

कळा सुरू झाल्या तेव्हा कालोजेरोची बायको क्रोचिफिस्सा सुईणीचा हात सोडेना.

"वेन्नेरा मावशी, मुलगी होऊ दे गं."

"ते माझ्या हातात असतं तर मी चार जावई कशाला पोसले असते? जोर लाव."

मुलगाच झाला. मावशीने दार लोटलं, त्याच्या डोक्यावर पेलाभर पाणी ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. जगेलसं न वाटणाऱ्या बाळाला सुईणीनेच बाप्तिस्मा द्यायचा, ही जुनी चाल. तो पुन्हा देता येत नाही.

"पण हा तर चांगला रडतोय," क्रोचिफिस्सा म्हणाली.

"निळा पडला होता. तुला काय दिसणार? आता धर्ममाता मी."

रविवारी डॉन सोन्याची साखळी घेऊन आला. कालोजेरोने त्याला वाइन ओतली आणि झालेलं सांगितलं.

"हा निळा पडला होता?" डॉनने विचारलं.

"वांग्यासारखा," मावशी म्हणाली.

"आता तर टोमॅटो दिसतोय."

"तुम्हाला बघून लाजला."

डॉनने पाद्रीबाबांना बोलावून घेतलं. त्यांनी मावशीला दोन प्रश्न विचारले नि म्हणाले, "पाणी पडलं, शब्द झाले. पुन्हा केलं तर पाप, डॉन गास्पारे. तुम्हालाही लागेल."

माणसांना न भिणारा डॉन देवाला मात्र भिऊन असे. त्याने साखळी खिशात टाकली, वाइन संपवली आणि जिना उतरला. क्रोचिफिस्साने बाळाला छातीशी घेतलं. किती दिवसांनी तिला पोटभर श्वास आला.

पुढे त्या गल्लीत बरीच बाळं निळी पडली. मावशी म्हातारपणी गेली तेव्हा धर्मलेकरांनी चर्च भरलं. डॉन त्या रविवारनंतर तीन वर्षांनी जेवायला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. कालोजेरोने सत्तरीपर्यंत पाव भाजले. मुलगा, नुन्झिओ, ट्रामवर कंडक्टर झाला, आणि क्रोचिफिस्सा त्याच्या पोरींना सांभाळत तृप्तपणे म्हातारी झाली.