पियानो पोकळ वाजला तेव्हा

सुमितला खऱ्यासारखा वाजणारा पियानो हवा होता. बबनरावांच्या भीमगीतांच्या पार्टीत तो कीबोर्ड वाजवायचा, आणि जुन्या कीबोर्डावरचा पियानो त्याला ताटावर चमचा आपटल्यासारखा वाटे. शेवटी पुण्याहून नवा कीबोर्ड आला. स्वारी दिवसभर हेडफोन लावून घरात बसली. त्यात पियानोच्या तारेवर पडलेला हातोडीचा घावसुद्धा ऐकू येत होता.

शिरूरच्या मंडपात मात्र तोच पियानो पोकळ निघाला. सुमितचं डोकं फिरलं. साउंड दौंडच्या अनिसचा, पार्टी निघाली तेव्हापासून त्याचाच. सुमितनं माईकवरूनच सुनावलं, "अनिसभाई, भंगारातनं आणला का हो सेट?" लोक हसले. अनिसनं वायरी बदलल्या, मिक्सरची बटणं फिरवली, घामाघूम झाला, तरी फरक पडेना. पुढच्या कार्यक्रमाला बबनरावांनी दुसरा साउंडवाला घेतला. सुमित मध्ये पडला नाही. पडणार कसा, कान भरणारा तोच.

खुटबावला नव्या साउंडवाल्याकडेही पियानो तसाच पोकळ. वैतागून सुमितनं कीबोर्डच्या मागच्या दोन वायरींपैकी एक उपटली, आणि आवाज एकदम भरून आला. मंडपात शिट्ट्या पडल्या. सुमितला मात्र सगळं उमगलं. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे आवाज जातात. मंडपात ते एकाच वाटेनं बाहेर पडतात आणि एकमेकांना खातात. ती दुसरी वायर हौसेनं त्यानंच जोडली होती.

"आबा, चूक माझी व्हती. अनिसभाईंना परत बोलवा," तो बबनरावांना म्हणाला.

"आता कुठनं? सेट इकला त्यानं. कुरकुंभला कंपनीत जातो."

सुमितला जेवण गोड लागेना. रविवारी तो दौंडला गेला. अनिस पहिली पाळी करून नुकताच आला होता. त्यानं सुमितला बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि सुमित तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलू लागला.

"तुझा कार्यक्रम बिघडला माझ्यामुळं. लई वाईट वाटलं बघ. घरी येऊन समदा सेट तपासला, एक खोट न्हाई. तुझा पियानो तर कोरा. म्हंजी खोट माझ्यातच. म्हनलं, कान गेलं आपलं. कान गेलेल्या मानसानं साउंड कशाला लावायचा?"

सुमितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वायरीचं सगळं सांगितलं, बबनरावांचे कान भरल्याचंही सांगितलं. आता अनिसनं शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अनिसचा हात कानाकडे गेला.

"म्हंजी कानाला काय झालं न्हाई माझ्या?"

"न्हाई, अनिसभाई."

"नजमुन्निसा," त्यानं आत हाक मारली, आणि त्याचा आवाज भरून आला होता, "ऐकलंस का? कान शाबूत हायत माझं."

तो पोरासारखा हसत होता. सुमितला मान वर करवेना.