खोका लावा, बाकी लातूर बघेल

अमरेशला थकवा आला होता तो कामाचा नव्हे, जाण्यायेण्याचा. काम ते केवढं! नवा राउटर खोक्यातून काढायचा, लॅपटॉपला वायर जोडायची, त्या शाखेचा पत्ता, पासवर्ड, कॅमेरे कुठले, परीक्षेचा हॉल कुठला हे सगळं त्या राउटरच्या डोक्यात भरायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. अर्ध्या तासाचा खेळ. पण त्या अर्ध्या तासासाठी लातूरहून देगलूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस एस.टी.त हाडं खिळखिळी करून घ्यायची. चाळिशीतच त्याची कंबर सत्तर वर्षांच्या माणसासारखी बोलायला लागली होती.

त्याचे मालक म्हणजे अनंतराव सर. एका खोलीत गणित शिकवायला बसलेला माणूस, आता लातूर, अहमदपूर, उदगीर, देगलूर, नांदेड असा क्लासेसचा पसारा. पोरांना डॉक्टर करायचं वेड सगळ्या मुलखाला लागलेलं, लातुरात तर घर तिथं मेस आणि गल्ली तिथं हॉस्टेल. सर दर जूनला नवी शाखा काढायचे. नारळ सर फोडायचे आणि पाठ अमरेशची मोडायची. पोरांचे सराव पेपर ऑनलाइन, हजेरी ऑनलाइन, आईबापांना वर्गातलं पोर मोबाइलवर दिसलं पाहिजे तेही ऑनलाइन. शाखेतला राउटर आडवा झाला की शाखाच आडवी.

आणखीही काही वर्षं हे त्यानं निमूट ओढलं असतं. पण उन्हाळ्यात अप्पा न्हाणीत पडले आणि मनगट मोडलं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, शिवप्पा. राहायचे गावाकडे, किल्लारीच्या पट्ट्यात, पुनर्वसनात मिळालेल्या घरात. घरात म्हणायचं ते आपलं म्हणायचं. भूकंपाच्या त्या पहाटे अमरेश आठ वर्षांचा होता. गणपती विसर्जनाहून उशिरा परतलेले बापलेक अंगणातच बाजेवर पडले होते आणि आई, मल्लम्मा, आत. दगडमातीची भिंत आत पडली. तेव्हापासून अप्पा छताखाली झोपले नाहीत. सरकारनं सिमेंटचं घर दिलं, अप्पांनी त्यात ज्वारी ठेवली आणि पुढ्यात पत्र्याचं शेड टाकून तिथं बाज मांडली. लोक आधी हसले, मग गप्प झाले. त्यातले निम्मे स्वतःही शेडातच झोपत होते.

मनगट मोडल्यावर अमरेशनं त्यांना लातूरला आणलं होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अप्पांनी जेवण केलं, नातेवाइकांची चौकशी केली आणि सगळे झोपल्यावर खाली पार्किंगमध्ये जाऊन वॉचमनशेजारी सतरंजी टाकली. सकाळी म्हणाले, "मला गावाकडं सोड गा. हितं डोक्यावर लई वजन हाय." अमरेशची बायको अक्षरा शाळेत शिक्षिका. तिला रडूच आलं. म्हातारा एका हातानं भाकरी कशी थापणार? शेजारच्या गुणाबाई कालवण द्यायच्या, पण शेजारीण ती शेजारीणच, लेक नव्हे.

मग अमरेशनं मनाशी ठरवलं आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

"सर, मी असं काही केलं की शाखेवर कुणी जायलाच नको, तर मला गावाकडून काम करू द्याल?"

सर हसले. "अरे, तू चंद्रावरून कर की! माझा पेपर बंद पडला नाही म्हणजे झालं."

अप्पांना तो यातलं काही बोलला नाही. त्या गावानं आश्वासनं पोटभर ऐकली होती. झाल्यावरच सांगू, असं त्यानं अक्षराला बजावलं. ती म्हणाली, "तुम्ही राहा तिकडं. मी शनिवारी येत जाईन. बदलीचा अर्जही टाकते."

पुढचे दोन महिने तो घरी आला की जेवायचा आणि लॅपटॉपपुढं बसायचा. एका जागेवरून कितीही यंत्रांत माहिती भरणारं अॅन्सिबल नावाचं एक साधन असतं, ते शिकला. सगळ्या शाखांसाठी एकच साचा केला आणि ज्या त्या शाखेची माहिती वेगळी लिहून ठेवली. नवा राउटर शाखेच्या इंटरनेट लाइनला लावला की तो आपणहून लातूरच्या सर्व्हरला हाक मारणार. सर्व्हर त्याचा सिरीयल नंबर बघणार, हा उदगीरचा हे ओळखणार आणि उदगीरचं सगळं त्याच्यात भरून टाकणार. ना वायर जोडायची, ना एस.टी. गाठायची. शाखेवरच्या माणसाला एवढंच सांगायचं, खोका लावा, बाकी लातूर बघेल.

जुने बदलायला नवे राउटर आले. अमरेशनं नंबर टिपले, खोक्यांवर स्केचपेननं ठळक गावांची नावं घातली आणि टेम्पो अहमदपूर, उदगीर, देगलूर, नांदेड असा रवाना केला. सोमवारी सकाळी सगळ्यांनी लावायचे आणि दुपारी पोरांचा पेपर. त्याच सोमवारी अप्पांचं प्लास्टर काढायचं होतं. दुपारी निघून गावाकडे जायचं त्यानं कबूल केलं होतं.

अहमदपूर चुटकीसरशी लागलं. अमरेशला हुरूप आला. मग उदगीर लागेना. देगलूर लागेना. नांदेडचा राउटर तर स्वतःला उदगीर म्हणवून घेत होता. अमरेशनं उदगीर शाखेच्या मल्लिकार्जुनला फोन लावला.

"मल्लिकार्जुन, खोका कुठला लावला तुम्ही?"

"तुमीच धाडलेला, सर."

"त्यावर उदगीर लिहिलंय का?"

"उदगीरचा कोपरा फाटला व्हता, सर. नवी वस्तू, विभूती लावायची, फूल वाहायचं. फाटक्या खोक्याची पूजा कशी करावी माणसानं? म्हणून देगलूरचा उतरवून घेतला. आतला माल सारखाच की!"

"आणि देगलूरला तो फाटका दिला?"

"ते काय येडे हायत व्हय? त्यांनी नांदेडचा घेतला."

नांदेड टेम्पोचं शेवटचं गाव. त्यांच्यापुढं बदलून घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी कोपऱ्याला टेप लावून तोच पूजला. चिडावं तर कुणावर? कुणाची चूक म्हणावी, तर प्रत्येकानं मोठ्या भक्तिभावानं केलेली. पेपर मात्र तिन्ही शाखांत बुडाला. आईबापांचे फोन सरांना, सरांचा अमरेशला.

"गावाकडचं राहू दे आता," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "आधी उदगीर गाठ."

अमरेशनं पुन्हा वायर पिशवीत टाकली. उदगीर केलं, देगलूरला मुक्काम केला, सकाळी नांदेडची गाडी धरली. गाडीतूनच अप्पांना फोन केला. अप्पा गुणाबाईंसोबत जाऊन प्लास्टर काढून आले होते.

"तू नगं जीव काढूस," अप्पा म्हणाले. "तुझी लई ओढाताण हुतीय माझ्यापायी."

"तसं नाही, अप्पा."

"हाय तसंच."

फोन ठेवल्यावर त्याला इतकी लाज वाटली की शेजारच्या बाईनं पुढं केलेली शेंगांची पुडीसुद्धा त्यानं नाकारली. खिडकीला डोकं टेकून तो बसला. आपलंच चुकलं, दुसरं काय! माणसं खोके बदलणार, हे आपल्याला कळायला नको? आपल्या गावानं तर अख्खी घरं बदलली होती. पुनर्वसनात चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, तर भाऊ एका टोकाला आणि भाऊ दुसऱ्या टोकाला. लोकांनी सरळ आपसात अदलाबदल केली. अप्पांनीही केली, भावकीजवळ राहायला मिळावं म्हणून. मग पहिलं वीजबिल आलं तेव्हा जो तमाशा झाला! नाव एकाचं, राहतोय दुसरा, बिल तिसऱ्याच्या दारात. लाइनमन वैतागला आणि त्यानं नावं विचारायचंच सोडून दिलं. मान वर करून बघायचा, कुठल्या खांबावरून कुठल्या घरात तार उतरलीय. तार खोटं बोलत नव्हती.

अमरेश ताठ बसला. प्रत्येक शाखेची लाइन ठरलेली. खोका कुठलाही असो, त्याची हाक लातूरला येणार ती त्या शाखेच्या लाइनवरूनच. मग नंबर कशाला विचारायचा? नंबर बघायचा तो फक्त आपल्या घरचा माल आहे की नाही एवढ्यापुरता. बाकी, तू कोण ते राहू दे बाबा, तार कुठनं आली ते सांग.

नांदेडचं काम उरकून तो लातूरला आला आणि सरांपुढं पुन्हा उभा राहिला. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेच होते, पोरांची संख्या वाढली की माणूस सुखी होतो असं थोडंच आहे!

"एकदाच," ते म्हणाले. "पुन्हा पेपर बुडाला तर हे खूळ बंद."

या खेपेला निलंगा, औसा आणि चाकूर अशा तीन नव्या शाखा होत्या. अमरेशनं खोक्यांवर नावंच घातली नाहीत. फोन करून सांगितलं, "कुठलाही घ्या. बदला, पूजा करा, नारळ फोडा, पण नारळाचं पाणी त्याच्यावर नको. आणि लाइनला लावा."

पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी तो पडद्यासमोर बसला. निलंगा आलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि चाकूर आलं. औसा येईना. अमरेशनं फोन केला तर तिकडून आवाज आला, "थांबा की सर, आरती चालू हाय." आरती आटोपली आणि औसाही आलं. तिघांनी आपापलं नाव, आपापला पत्ता बरोबर घेतला होता. कॅमेरे दिसले, हॉल दिसले. दुसऱ्या दिवशीचा पेपरही कुठं न अडखळता झाला.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला तो असा की तो टेबलावर डोकं ठेवून नुसता पडून राहिला. सर मागं येऊन उभे होते.

"सोमवार, मंगळवार इथं यायचं," ते म्हणाले. "बाकी गावाकडून कर. फोन मात्र लागला पाहिजे. आणि अप्पांना माझा नमस्कार सांग."

बुधवारी अमरेश बॅग घेऊन गावात उतरला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. वाटेत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. अप्पांना आधी काय सांगावं? आलोय राहायला, असं एकदम म्हणावं, की आधी पाणी मागावं? घरापाशी आला आणि थबकला. शेड रिकामं होतं. बाज नव्हती.

माणूस गेल्यावर बाज हलवतात, हेच पहिलं मनात आलं.

"आत हाय, आत," गुणाबाई कुडापलीकडून ओरडल्या. "बघ बाबा तूच आता. माजं तर ऐकंना."

दार उघडं होतं. ज्वारीची पोती एका बाजूला सारलेली, मधोमध स्लॅबखाली बाज, आणि बाजेवर अप्पा भिंतीला पाठ लावून बसलेले. नजर वर छताला. डोळे लाल, खोल गेलेले, गालफडं बसलेली. पायाशी पिशवी, तिच्यात धोतरजोडी आणि घोंगडी.

"अप्पा! हे काय करताय तुमी?"

"सवय करतूय." अप्पांनी नजर छतावरून काढली नाही. "तुज्या घरी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हायचं, तर स्लॅबखाली निजाया आलं पायजे की न्हाई? तू त्या गाड्यांमधनं मरतूस. प्लास्टर काढलं, तवाच ठरिवलं."

"निजतोय कुठला!" गुणाबाई दारात आल्या होत्या. "तवाधरनं असाच बसलाय. दिवस न्हाई, रात न्हाई. भांडं पडलं तरी उठून पळतोय."

"जमतंय आता," अप्पा म्हणाले. "परवा घटकाभर डोळा लागला. अजून आठ दिस दे मला, मग येतो तुज्यासंगं."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य हाताशी राहिलं नाही. तो बाजेच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला. अप्पा गडबडले. बऱ्या हातानं त्याची पाठ थोपटायला लागले.

"काय झालं गा? नोकरी गेली का?"

"न्हाई, अप्पा. मीच आलो राहायला. सरांनी हितनं काम करायला सांगितलंय. आता शाखेवर जायचं न्हाई. फकस्त सोमवार-मंगळवार लातूर."

ऐकलेलं पटायला अप्पांना वेळ लागला. मग एकदम भडकले.

"मग आदी सांगायचं की गा! मी हितं जीव मुठीत धरून बसलोय, ते कशापायी?"

गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. अमरेशनं डोळे पुसले, अप्पांना धरून उठवलं आणि दोघांनी मिळून बाज बाहेर काढली. अप्पांनी एकच हात लावला, पण लावला. शेडात पत्र्याखाली बाज टेकली तशी अप्पा तिच्यावर आडवे झाले. अमरेश पायाशी बसला आणि सरांनी नमस्कार सांगितलाय म्हणून सांगायला लागला, तर अप्पा घोरत होते. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, तान्ह्या पोरासारखे. ऊन शेडातून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं, तहान लागली, कंबर भरून आली, तरी अमरेश हलला नाही. उठलो तर बाज करकरेल, एवढीच त्याला भीती होती.