दोन्ही पाय हवेत

विद्यापीठात सरांना सगळे ‘चालते सर’ म्हणत, कारण ते चालण्याच्या शर्यतीचे प्रशिक्षक होते. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. सर रागवत नसत.

अशी काही शर्यत असते हे खेळ विभागात कारकून म्हणून लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. तिचे नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात सरळ हवा. दोन्ही पाय एकदम हवेत गेले की पंच लाल कार्ड लिहितात. अशी तीन झाली की बाद. हे सांभाळून जोरात जायचं म्हटलं की कंबर अशी काही लचकते की बघणाऱ्याला हसू आवरत नाही. त्यामुळे फुटबॉलच्या पोरांची सकाळ आमच्या मुलांना हसण्यात मजेत जायची.

एका सोमवारी परिपत्रक आलं. ज्या क्रीडाप्रकारात आठांपेक्षा कमी नोंदणीकृत विद्यार्थी असतील तो सत्राअखेर बंद होईल. नोटीस बोर्डावर ते मीच टाचणीनं लावलं. खाली सही उपकुलसचिवांची होती, आणि उपकुलसचिव म्हणजे सरांचे सख्खे मेहुणे, त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ.

सरांकडे तेव्हा दोन विद्यार्थी होते. त्यातल्या एकाचा घोटा मुरगळला आणि तो बुद्धिबळात गेला. राहिली एक मुलगी, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. ती मुळात आली होती पंधराशे मीटर धावण्याच्या निवड चाचणीला. तिथे शेवटची आली, बॅग उचलली आणि रागारागानं वसतिगृहाकडे चालू लागली. सर तिला काही सांगायला मागे धावले, तर त्यांना ती गाठता येईना. तेव्हापासून ती सरांची झाली.

दुपारच्या सुट्टीत सर परिपत्रक घेऊन आरोग्य केंद्रात गेले. मी सोबत होते. सरांच्या बायको तिथे नर्स होत्या. साऱ्या विद्यापीठाचा रक्तदाब त्यांच्या हाताखालून जाई आणि सगळे त्यांना ताई म्हणत.

“सही कोणाची आहे?” ताईंनी विचारलं.

“बाळूची.”

“काल घरी आला होता. बोलला नाही काही.”

“ऑफिसचं घरी बोलत नाही तो. शिस्तीचा माणूस आहे.”

ताईंनी डबा मिटला. “आठ माणसं हवीत ना तुम्हाला? माझ्या रजिस्टरात साठ आहेत. साठांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि एक चालेल तर शपथ.”

“अगं, विद्यार्थी हवेत. साखर वाढलेले कर्मचारी घेऊन काय करू?”

तेव्हा मी बोलून गेले की मी पण विद्यार्थिनीच आहे. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयशास्त्राच्या संध्याकाळच्या पदविकेला नाव घातलं होतं. वर्गात पाऊल टाकलं नव्हतं, पण नाव होतं. आमचं विद्यापीठ त्या बाबतीत फार उदार. एकदा घातलेलं नाव काढायला कोणालाच सवड नसते.

ताईंचं रजिस्टर आणि नोंदणीची यादी शेजारी शेजारी ठेवून आम्ही बसलो. पीएचडीचं अकरावं वर्ष चालू असलेले एक गृहस्थ निघाले. बहिःस्थ बी.ए. करणारे दोन शिपाई निघाले. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई अनुवादाच्या वर्गाला होत्या, एक वायरमन संगणकाच्या. ती मुलगी आणि मी धरून सात झाले. आठवं नाव सापडलं तेव्हा सर उठून खिडकीपाशी गेले. बढतीसाठी लागणारी व्यवस्थापनाची पदविका उपकुलसचिव गेल्या वर्षापासून करत होते.

“मी नाही जाणार त्याच्याकडे,” सर म्हणाले.

“तुम्हाला कोण पाठवतंय,” ताई म्हणाल्या.

गुरुवारी ताई रक्तदाबाचं यंत्र घेऊन भावाच्या केबिनमध्ये गेल्या. फॉर्मची फाइल माझ्या हातात.

“ताई, ऑफिसमध्ये नको.”

“घरी ये म्हटलं की तुझी मीटिंग असते. हात दे.”

उपकुलसचिवांनी बाही वर केली. यंत्रातली हवा सुटली, ताईंनी आकडा पाहिला आणि पट्टा गुंडाळून ठेवला. आकडा सांगितलाच नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.

“बाबांना पहिला झटका आला तेव्हा ते तुझ्याएवढेच होते,” ताई म्हणाल्या. “ते पण सदा कामातच असायचे.”

मी भिंतीवरचं सुट्ट्यांचं वेळापत्रक वाचत राहिले.

“हा कसला फॉर्म?”

“चालायचा.”

“चालायला फॉर्म लागतो?”

“तुझ्या विद्यापीठात लागतो.”

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी आठ नावांची यादी छाननीसाठी त्यांच्याच टेबलावर गेली. त्यांनी प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं खूण केली, स्वतःचा नोंदणी क्रमांक मूळ रजिस्टरशी ताडून पाहिला आणि शेरा मारला, ‘पात्र’. हसले नाहीत. मला ओळख पण दाखवली नाही.

असा आमचा क्रीडाप्रकार वाचला.

सोमवारपासून आम्ही आठ जण सकाळी सहाला मैदानावर हजर. उपकुलसचिव साहेब नवे कोरे बूट घालून आले होते. चालायला लागले की पहिल्या शंभर पावलांत त्यांचे दोन्ही पाय हवेत. घाईचा माणूस, फायलीही ते अर्ध्या वाचून पुढे ढकलत. सर त्यांच्या बाजूनं चालत आणि हलक्या आवाजात म्हणत, “टाच टेकू दे. घाई नाही. कोणी वाट बघत नाहीये.” असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नसावं. आठवडाभरात ते आमच्या आधी यायला लागले. दोन महिन्यांत पँट ढिली झाली, रक्तदाब उतरला आणि ताईंनी एकदाचा आकडा सांगितला.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण ज्याला एखाद्या गोष्टीनं गुण येतो तो माणूस ती दुसऱ्याला पाजल्याशिवाय राहत नाही, आणि त्यातून तो उपकुलसचिव.

‘चाल विद्यापीठाची’ असं त्या मोहिमेचं नाव. कुलगुरूंनी फुगे सोडून उद्घाटन केलं. पिवळे टी-शर्ट आले, छातीवर बिल्ले आले. प्रत्येक विभागानं किमान दहा माणसं पाठवायची असं पत्रक निघालं, तेही मीच टाचलं. महिन्याभरात मैदानावर चारशे माणसं. चौघं चौघं हातात हात घालून, गप्पा मारत, कोणी मोबाइलवर बोलत. मोहिमेला समन्वयक हवा, समन्वयकाला आरोग्य व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं. सरांकडे ते नव्हतं. त्यांच्याकडे चोवीस वर्षं होती, पण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. बाहेरून एक तरुण समन्वयक आला, आणि सर ‘सहायक (चालणे)’ झाले.

मुलगी मात्र आपली रोज यायची. आंतरविद्यापीठ स्पर्धा दहा आठवड्यांवर आली होती. दहा किलोमीटर, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. ती पिवळ्या टी-शर्टांच्या भिंतीपाशी पोचायची, थांबायची, वाट काढायची, पुन्हा थांबायची. हिशेबनीस बाई मायेनं म्हणाल्या, “बाळ, एवढी कसली घाई? श्वास बघ कसा लागलाय.” एके दिवशी समन्वयकानं शिट्टी मारून तिला बाजूला घेतलं. आठवड्यानं मैदानाच्या फाटकावर पाटी लागली: ‘सकाळी सहा ते नऊ. स्पर्धात्मक वेगाने चालू नये.’

ती पाटी वाचून सर पहिल्यांदाच मेहुण्यांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं आणि माझं टेबल तेव्हा समोर हलवलेलं होतं.

“भाऊजी, या या. बसा. चारशे बारा झाले आज.”

“एक लेन हवी होती, साहेब. आतली. एक तास.”

“कोणाला?”

“मुलीला. स्पर्धा आहे.”

“पण मग इतर लोकांनी काय करायचं? तुम्हीच तर सांगितलंत मला, घाई नको.” साहेब उठून सरांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. आवाज खरोखर भरून आला होता. “भाऊजी, हे सगळं तुमच्यामुळे झालंय. मी सगळ्यांना सांगतो. तुमच्यामुळे मी जिवंत आहे. तुम्हाला आनंद नाही होत?”

“होतो,” सर म्हणाले. माणूस खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला टेप घेऊन बोलावलं. वसतिगृहाच्या धुलाई घरामागे एक रस्ता होता, एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत. आम्ही मोजला, चारशे दहा मीटर. मध्ये थोडा चढ, एका कोपऱ्यात साबणाचं पाणी. मुलगी त्यावर सकाळी पाच ते सात चालायची. मी फेऱ्या मोजायची, सर टाचा बघायचे. वाळत घातलेल्या चादरींमधून ती एकदम बाहेर पडायची आणि पुन्हा चादरींत शिरायची. तिथे तिला कोणी हसलं नाही, कारण कोणी नव्हतंच.

स्पर्धेच्या दिवशीच नेमकी मोहिमेची महाफेरी होती. विद्यापीठाची बस फेरीच्या ध्वनिक्षेपकाला दिलेली. आम्ही तिघं आगगाडीनं गेलो. मुलीसोबत बाईमाणूस हवं असा नियम असल्यानं मी व्यवस्थापक.

शर्यत सुरू झाली. पंधरा मुली. सोळाव्या फेरीपर्यंत आमची सहावी होती, मग पाचवी, मग एकविसाव्या फेरीला दुसरी. तोवर फलकावर तिच्या नंबरापुढे दोन लाल खुणा लागल्या होत्या. तिसरी लागली की घरी.

पुढची मुलगी वीस मीटरवर होती. जरा जोर केला असता तर पहिली. सर कठड्याला धरून उभे. त्यांच्या आयुष्यात पहिल्या नंबराच्या इतकं जवळ कोणी गेलं नव्हतं, हे मला फायली लावून लावून ठाऊक होतं. ती आमच्या समोरून गेली तेव्हा तिनं मान न वळवता नुसती नजर टाकली. विचारत होती.

“टाच,” सर म्हणाले. ओरडलेही नाहीत.

तिनं वेग कमी केला. मागची एक तिच्या पुढे निघून गेली. ती तिसरी आली, स्वच्छ, पुन्हा दोन्ही पाय एकदम हवेत न जाता, आणि रेषेपलीकडे जाऊन गवतावर बसली. मैदानी खेळांत विद्यापीठाला नऊ वर्षांनी पदक मिळालं होतं. सर तिच्याजवळ गेले, बाटलीचं झाकण उघडून दिलं, आणि स्वतः पाठ फिरवून बराच वेळ फलकाकडे बघत उभे राहिले. फलकावर तोवर पुढच्या शर्यतीची नावं आली होती.

“मी गेले असते पुढे, सर,” ती म्हणाली.

“गेली असतीस. आणि बाद झाली असतीस.”

“झालेही नसते कदाचित.”

“कदाचित,” सर म्हणाले. ते त्यांना आयुष्यभर टोचणार होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

परत आलो तेव्हा स्टेशनवर फक्त ताई होत्या. पण पुढच्या महिन्याच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर फोटो आला. मध्ये साहेब, एका बाजूला समन्वयक, दुसऱ्या बाजूला पदक घातलेली मुलगी. खाली लिहिलं होतं, ‘चाल विद्यापीठाची मोहिमेचे पहिले फळ’. सरांचा कोपर आला होता.

सत्कार सभागृहात झाला. समन्वयकानं तिच्या हातात माइक दिला आणि यशाचं श्रेय कोणाला देशील असं विचारलं. तिला भाषणाची सवय नाही. ती म्हणाली, “धुलाई घराच्या मागे एक रस्ता आहे. तिथे सकाळी कोणी नसतं. सर असतात.” आणि माइक परत दिला. टाळ्या झाल्या. साहेबांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं.

काय टिपलं ते पंधरा दिवसांत कळलं. धुलाई घरामागच्या रस्त्याचं ‘पदक पथ’ असं नामकरण झालं. दोन्ही बाजूंना बाकं बसली, चादरींच्या तारा काढल्या, आणि पहिल्याच सकाळी तिथे दीडशे माणसं आली.

मी टेप घेतली. या वेळी आम्ही पार कुंपणापाशी, पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता मोजला. तीनशे ऐंशी मीटर, पण सपाट. मुलीसोबत वसतिगृहातल्या आणखी तिघी यायला लागल्या. महाफेरीत चालता चालता या कंटाळल्या होत्या. त्यांना जोरात जायचं होतं. त्या तिघींची नोंद कुठेही नाही. मी ती केली नाही, सरांनी करायला सांगितली नाही.

गेल्या मंगळवारी सव्वापाचला टाकीच्या रस्त्यावर एक माणूस येताना दिसला. एकटाच, पिवळा टी-शर्ट नाही, साधा जुना सदरा. जवळ आल्यावर कळलं, साहेब. आता ते कुलसचिव झाले आहेत. मी टेप पाठीमागे लपवली.

“भाऊजी,” ते म्हणाले, “तिकडे गर्दी फार झालीये. चालायलाच मिळत नाही.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. चौघी मुली वळणावर होत्या, परत यायला अजून मिनिटभर होतं.

“कडेनं चालायचं,” सर म्हणाले. “मुली आल्या की बाजूला व्हायचं. आणि इथे काय चालतं ते कुठे लिहायचं नाही.”

कुलसचिव हो म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.