बहुमताने चांगला ठरलेला ब्रेक

वर्सोव्याच्या नवतारा मच्छीमार सोसायटीने ट्रॅक्टरचा ब्रेक चांगला असल्याचा ठराव एकतीस विरुद्ध बारा मतांनी पास केला होता. ब्रेकला कोणी विचारलं नव्हतं.

तपासणीही रीतसर झाली होती. सेक्रेटरी राजेश सगळ्यांसमोर सीटवर बसला, त्याने पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. इंजिन बंद होतं, ही गोष्ट कोणाला महत्त्वाची वाटली नाही. पण विरोधात गेलेले बारा जण कुजबुजायचे थांबेनात, तेव्हा राजेशला वाटलं, एखाद्या मिस्त्रीलाही दाखवून घ्यावं.

अंधेरीत विमानाचा मिस्त्री सापडतो, ट्रॅक्टरचा सापडत नाही. शोधता शोधता मालाडला अंबादास सापडला. त्याच्या पाटीवर ‘स्कूटी स्पेशालिस्ट’ लिहिलेलं होतं, पण मुंबईत येण्याआधी दहा वर्षं तो जालन्याकडे ट्रॅक्टरच खोलत होता.

“ब्रेक की निलेश, एवढंच सांगा मिस्त्री,” राजेश म्हणाला. “शक्यतो एका शब्दात. मिनिट्समध्ये लिहायचंय.”

झालं होतं ते असं. हा ट्रॅक्टर होड्या पाण्यातून ओढून सिमेंटच्या उतारावरून वर आणायचा. सतरा दिवसांपूर्वी निलेश तो रिकामा खाली नेत होता. उताराच्या तळाशी सुशांत होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, दोर बांधत होता. ट्रॅक्टर थांबला नाही. सुशांत होडी आणि ट्रॅक्टरच्या मधे सापडला. सव्वीस वर्षांचा होता. निलेश त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. तो एकच सांगत होता, मी ब्रेक दाबला, लागला नाही. आणि सुशांतचे वडील जयवंत, जे नऊ वर्षं ट्रॅक्टरची देखभाल करत होते, ते सभेत उभे राहून म्हणाले, “ब्रेक मी माझ्या हाताने जपतो. ब्रेक चांगला होता.” मुंडण केलेल्या बापाच्या विरोधात हात कोण वर करणार? बारा जणांनी केला. त्यातले सात निलेशचे नातेवाईक होते आणि दोघांना ठराव नीट ऐकू आला नव्हता.

तेव्हापासून निलेशला कुठलीच होडी घेत नव्हती. तो मोबाईल बघत होता असं आधी एकजण म्हणाला. आठवडाभरात तो काय बघत होता, तेही लोक सांगू लागले.

जयवंतकाका ट्रॅक्टरपाशी एका उलट्या क्रेटवर बसले होते. “बघा मिस्त्री, निवांत बघा,” ते म्हणाले. “पाना पाहिजे तर मागा.”

अंबादासने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि तो चकित झाला. नऊ वर्षं खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रॅक्टरवर गंज नव्हता. जालन्याला भर दुष्काळातही ट्रॅक्टर याच्यापेक्षा जास्त गंजायचे.

त्याने सुरुवात सोप्यापासून केली. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, दोन मागच्या चाकांना एकेक. दोन्ही जोडणारी पट्टी लावलेली नसली तर एकच चाक धरतं. पट्टी लावलेली होती. पेडलची ढील बरोबर होती, पेडलपासून ब्रेकपर्यंतचे दांडेही हलत होते. मग त्याने ट्रॅक्टर चालू करून सपाट वाळूवर नेला आणि पेडलवर सगळा भार टाकला. निघतो निघतो म्हणत बसून राहणारा पाहुणा असतो ना, तसंच झालं, फक्त उलट. ट्रॅक्टर थांबतो थांबतो म्हणत चालतच राहिला.

म्हणजे निलेश नव्हता. अंबादासला बरं वाटलं. त्याने जॅक लावला, उजव्या बाजूचं ब्रेकचं झाकण खोललं, आणि त्याचा हात मनगटापर्यंत काळा झाला.

आतल्या डिस्क तेलात बुडालेल्या होत्या. हा ब्रेक कोरडा. कोरडं राहायचं आणि घासायचं, एवढंच त्याचं काम. गिअरबॉक्सचं सील फुटलं की तेल इकडे येतं, म्हणून त्याने सील बघितलं. ठणठणीत होतं. शिवाय गिअरचं तेल दाट असतं, त्याला गंधकाचा वास येतो. हे पातळ होतं, कोळशासारखं काळं, जळकट वासाचं. अंबादासने वर बोट फिरवलं. दांडा जिथून आत जातो, तिथलं रबर गायब होतं.

“ते मी महिन्यापूर्वी काढलं,” जयवंतकाका मागून म्हणाले. “ते असलं की तेल आत जात नाही.”

“कसलं तेल, काका?”

“बोटीच्या इंजिनातून काढलेलं. दर रविवारी घालतो, दोन्हीकडे.” त्यांनी क्रेटमागून कुप्पी काढून दाखवली. “समुद्रात जाणाऱ्या लोखंडाला तेल नाही पाजलं तर सहा महिन्यांत पापड होतो. आमच्या घरात बिजागऱ्यासुद्धा कधी वाजल्या नाहीत. बघा ना, आत आहे का कुठे गंज?”

“नाही,” अंबादास म्हणाला. ते खरं होतं.

तो पुन्हा झाकणापाशी वाकला आणि उगाच बराच वेळ बघत राहिला. मग राजेशला हाक मारून म्हणाला, “सील गेलंय. गिअरचं तेल ब्रेकमध्ये उतरलंय. असा ब्रेक कोणीही दाबला तरी लागणार नाही.”

“सील,” राजेशने लिहून घेतलं. “एका शब्दात बसलं. झकास.”

जयवंतकाकांनी कुप्पी पुन्हा क्रेटमागे ठेवली. म्हणाले, “म्हणजे निलेशने दाबला असेल.”

“दाबला असणार.”

“सीलला काय कळतंय,” ते म्हणाले, आणि डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी अंबादास नवीन डिस्क घेऊन आला. ब्रेकची घरं आतून पेट्रोलने धुतली, पुसली, सुकवली. चांगलं सील काढून त्याजागी दुसरं चांगलं सील बसवलं. आयुष्यात इतकं निरुपयोगी आणि इतकं काळजीपूर्वक काम त्याने केलं नव्हतं. रबरही नवीन घातलं. वाळूवर चाचणी घेतली तेव्हा ट्रॅक्टर जागच्या जागी रुतून थांबला आणि मागे दोन सारखे चरे उमटले. अंबादासने हात धुतले. खोटं चोख बसलं होतं.

वळून बघतो तर जयवंतकाका नवीन रबर स्क्रू ड्रायव्हरने उचकत होते. शेजारी कुप्पी.

“काका, नको.”

“नवीन सामान आहे. दोन थेंब जास्त घालतो.”

अंबादासने त्यांचं मनगट धरलं. “नवीन सामानाला तेल चालत नाही.”

“नवीन म्हणून?” काकांनी विचारलं. “जुन्याला चालायचं ना?”

अंबादासने बरीच उत्तरं शोधली. सहा महिने थांबा म्हणालो, तर हा माणूस सहा महिने थांबेल आणि सातव्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी कुप्पी घेऊन येईल. उताराच्या तळाशी तेव्हाही कोणीतरी दोर बांधत असेल. तो मनगट धरून तसाच उभा राहिला. आणि गप्प राहण्याचा अर्थ म्हाताऱ्या माणसांना लवकर कळतो.

“सील?” काका म्हणाले.

“चांगलं होतं.”

काका क्रेटवर बसले. “किती पुरतं? ब्रेक जायला?”

“थोडंसं.”

“मी कुप्पी रिकामी करायचो. सुशांत खाली फडकं धरायचा. एक थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही.”

मग ते उठले आणि गल्लीत शिरले. अंबादास मागोमाग गेला, कारण त्यांना एकटं सोडायची त्याला भीती वाटली. काका निलेशच्या दारात थांबले. निलेशने दार उघडलं, काकांना बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला. मार खायची तयारी असलेला माणूस सरकतो तसा.

“तू दाबलास,” जयवंतकाका म्हणाले.

“दोनदा,” निलेश म्हणाला. “दुसऱ्यांदा उभा राहून.”

“लागणार नव्हता. आत तेल होतं. मीच घालायचो.” त्यांनी चौकटीला हात टेकला. “राजेशला आता सांगतो. सभेतही सांगतो.”

निलेश त्यांच्याकडे बघत राहिला. आतून त्याच्या आईने कोण आहे म्हणून विचारलं.

“एक सांग,” काका म्हणाले. “त्याला कळलं होतं का, तू थांबत नाहीयेस ते?”

निलेश उंबरा ओलांडून बाहेर आला.

“तो हसत होता, काका,” तो म्हणाला. “त्याला वाटलं, मी मस्करी करतोय.”