मरियामातेचा मुक्काम

ऑक्टोबरात मरोळ गावठाणात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. यंदा ती ग्लॅडिसचं घर टाळून पुढे निघाली, कारण ग्लॅडिसचा मुलगा ब्रेंडन त्याच्या जोडीदाराला, साकेतला घेऊन घरी राहायला आला होता.

ग्लॅडिस गॅस बंद करून तेलकट हातांनीच गल्लीत उतरली आणि वाट अडवून उभी राहिली.

"तुझ्या घरात पाप आहे," रोझरीची प्रार्थना चालवणारा जेरोम म्हणाला.

"पाप मलाही ओळखता येतं रे. काल ही तुझ्याकडे होती ना? बायकोवर हात उचललास, तेव्हा हिचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतंस काय?"

ग्लॅडिसने मूर्ती उचलून छातीशी धरली.

"दिवस भरलेले असताना बेथलेहेमात हिला एकानेही दार उघडलं नाही. माझं उघडं आहे."