रोझालियाकाकूंच्या कवळीचं माप

मी एक ट्रे बोलतोय. चहाचा नव्हे. दात नसलेल्या खालच्या जबड्याचं माप घ्यायचा, पोलादी, घोड्याच्या नालासारखा ट्रे. हंगेरीतल्या सोप्रोन गावात डॉक्टर आर्मिन यांच्या दवाखान्यात मी चाळीस वर्षं काढली. कुणी माझ्यावर ओकलं, तर कुणी दात नसतानाही मला चावायला बघितलं.

आर्मिनांची पद्धत ठरलेली. लाखेसारखी हिरवी कांडी दिव्यावर मऊ करायची, माझ्या काठावर लावायची आणि मला तोंडात बसवून म्हणायचं, "आता बोला! जीभ काढा, गिळा, सुनेला शिव्या द्या, पण गप्प बसू नका." बोलताना गाल आणि जीभ जिथवर येतात, तिथेच कवळीची कड थांबायला हवी. नंतर लवंगेच्या वासाचा लगदा भरायचा आणि पुन्हा बोलायला लावायचं. माणसाचं बोलणं असं माझ्यात थिजायचं.

पुढे त्यांची मुलगी नोएमी खुर्चीशी उभी राहू लागली. सीमेपलीकडून ऑस्ट्रियाची माणसं दातांसाठी रांग लावत. त्यांना ना लगदा हवा होता, ना उमासे. नोएमीने स्कॅनर आणला. पेनासारखी कांडी तोंडात फिरवली की जबडा पडद्यावर. खोटं कशाला बोलू, उभ्या दातांचं माप तो फार सुरेख घेतो. आम्हा ट्रेंची रवानगी भंगारात झाली. मला एकट्याला आर्मिनांनी उचललं आणि घरामागच्या खोपटात नेलं. तिथे माझ्यात स्क्रू राहू लागले.

त्यानंतरची हकिकत मला बापलेकीच्या बोलण्यातून कळली.

रोझालियाकाकूंची जुनी कवळी तिसऱ्यांदा दुभंगली. त्यांचे यजमान गास्पार लाकडाच्या गिरणीत राबून ठार बहिरे झालेले. चाळीस वर्षं ते बायकोचे ओठ बघून तिचं बोलणं समजून घेत. आता खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडले होते. तिथल्या नर्सच्या तोंडावर मास्क, आणि काकूंचे ओठ दातांविना आत गेलेले. काकू रोज जात, बोलत. गास्पारना काही उमगत नसे. काकूंनी वही नेली तर त्यांनी ती बाजूला सारली. "कागदावर नोटिसा लिहितात," म्हणाले. "तू बोल."

काकू नोएमीकडे धावल्या. "पोरी, मला दात नकोत, ओठ हवेत. मटण काय, नाही खाल्लं तरी चालेल."

नोएमीने स्कॅनर घेतला. "काकू, अजिबात हलू नका. बोलू नका."

आणि काकू शहाण्या मुलीसारख्या गप्प बसल्या.

दहा दिवसांनी कवळी आली. दिसायला मोत्यासारखी! पण काकूंनी तोंड उघडलं की ती उचलली जाई. जिभेने दाबून धरावी, तर शब्द अडकत. नोएमीने दोनदा घासून दिली. तीन आठवडे असे गेले. इस्पितळात गास्पार आता बायकोच्या तोंडाकडे बघेनासे झाले होते. खिडकीकडे बघत पडून राहत.

शेवटी एका बुधवारी नोएमी खोपटाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचा तो ट्रे आहे का?"

"कोणता? ज्यांना तू भंगार म्हणालीस, त्यांच्यातला?"

"टोमणे नंतर मारा. रोझालियाकाकूंची कवळी बसत नाहीये."

आर्मिनांचा चेहरा उतरला. "माप घेताना तिला बोलायला लावलंस?"

"उलट गप्प बसवलं," नोएमी म्हणाली. आर्मिनांनी माझ्यातले स्क्रू बाकावर ओतले.

त्याच दुपारी मी उकळून निघालो आणि काकूंच्या तोंडात बसलो. आर्मिनांनीच मला धरलं होतं. "बोल, रोझा. गास्पार समोर बसलाय असं समज."

काकू बोलू लागल्या. बाहेर नुसतं हुंहुं ऐकू येत असेल, पण मी जिभेला लागून होतो. "तांबडी कोंबडी खुडूक बसलीय. जर्दाळूचा मुरंबा झाला, यंदा जरा आंबट आहे. तुझ्या कोटाचं अस्तर शिवलं. घरात तुझ्याशिवाय करमत नाही रे." लगदा घट्ट होत गेला, आणि काकू थांबल्याच नाहीत.

कवळी मंगळवारी तयार होणार होती. गास्पार रविवारी गेले.

मंगळवारी काकू काळा रुमाल बांधून वेळेवर आल्या. कवळी बसली, ती हललीच नाही. नोएमी हातातल्या आरशामागे तोंड लपवून रडायला लागली. "काकू, ते तीन आठवडे मी घालवले."

"हो, घालवलेस," काकू म्हणाल्या. शब्द कसे लखलखीत होते! मग त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मुद्दाम नाही घालवलेस, पोरी."

आता मी दवाखान्यात स्कॅनरशेजारीच असतो. दात नसलेलं तोंड आलं की नोएमी मला उचलते आणि म्हणते, "बोला." मला स्कॅनरचा राग नाही. यंत्र खुशाल नवं घ्या. फक्त समोरच्याला गप्प बसवण्याआधी, त्याला कुणाशी बोलायचंय, एवढं विचारा. माझी विनवणी एवढीच.

त्याच गुरुवारी गास्पारांचा अंत्यविधी झाला, तिथे मी नव्हतो. नोएमीने दुसऱ्या दिवशी बापाला सांगितलं. लोक पांगले तरी काकू कबरीपाशी उभ्या होत्या. ओठ भराभर हलत होते, आवाज मात्र नव्हता. नोएमीला वाटलं, कवळी टोचतेय. ती जवळ गेली.

"टोचत नाही गं," काकू म्हणाल्या. "त्याच्याशी मी अशीच बोलते. त्याला आवाज कधी लागलाच नाही."

आणि पुन्हा मातीकडे वळून त्या ओठ हलवू लागल्या.